माती चाखायचा मान

मी स्वयंपाकात मीठ जास्त घालते, हे मला लग्न होईपर्यंत ठाऊकच नव्हतं. माहेरी कुणी कधी बोललं नाही. बोलणार कोण? सगळ्यांच्या जिभा एकाच विहिरीवर वाढलेल्या. माझं माहेर नवापूरच्या अंगाला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. नारळाची वाडी, वाडीत विहीर, आणि विहिरीचं पाणी मचूळ. पाहुणा आला की पहिल्या घोटाला तोंड वाकडं करायचा आणि आम्हा पोरांना हसू फुटायचं. आम्हाला ते पाणी गोड लागायचं. दुसरं कधी प्यालोच नव्हतो.

सासर कुंभवलीत. अंतर म्हणाल तर चालत जाऊन संध्याकाळी परत यावं एवढं, पण पाणी वेगळं. नवी नवरी म्हणून पहिल्या दिवशी मी वाल केले. मोठ्या जाऊबाईंनी पहिला घास घेतला, गिळला, आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला.

"काय ग," म्हणाल्या, "येताना पदरात समुद्र बांधून आणलास?"

सगळे हसले. दीर हसले, आमचे हे खाली मान घालून हसले. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "हसू नका तिला. पाणी बदललं का जीभ पण बदलेल."

हात बदलला. मी चिमटीनं मोजून मीठ घालायला शिकले. चव बघून घालायचं सोडूनच दिलं, कारण माझ्या चवीचा भरवसा नव्हता. आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मला माहीत होतं, ह्यांना माहीत होतं, सासूबाईंना माहीत होतं. तरी जे व्हायचं ते झालंच. तेच सांगायला बसले आहे.

आमचं भाताचं शेत कारखान्यांच्या पट्टीत गेलं ते माझ्या लग्नाआधी. उरला होता गावाच्या मागचा माळाचा तुकडा. नुसता मुरूम आणि दगड, एक जांभळीचं झाड, आणि डोक्यावरून गेलेल्या विजेच्या मोठ्या तारा. त्या तारा दमट हवेत गुणगुणायच्या. थोरल्या दिरांनी गावातलं जुनं मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधलं होतं. आमचे हे एका कारखान्यात होते. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील, तो कारखाना एका सकाळी उघडलाच नाही. गेटाबाहेर आठ दिवस माणसं उभी राहिली, मग एकेक करून पांगली.

तेव्हापासून दिरांच्या घरात आम्ही जड व्हायला लागलो. उघड कुणी काही बोललं नाही. जाऊबाई तशा वाईट नव्हत्या, पण दोन चुली एका घरात किती दिवस? त्यातच सासूबाईंना वाऱ्याचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, मग थोडी सुधारली, पण तोंड अर्धं बधीरच राहिलं. जेवताना विचारायच्या, "आज कशाची भाजी हाय?" भाजी तोंडात असायची त्यांच्या.

त्या स्लॅबच्या घरात त्यांचा जीव रमत नव्हता. उन्हाळ्यात वरून तापायचं, थंडीत खालची फरशी हाडाला चावायची. जुनं घर त्यांनी स्वतः तुडवलेल्या चिखलाचं होतं, आणि ते पाडताना त्या दिवसभर विहिरीवर जाऊन बसल्या होत्या, असं मला जाऊबाईंनीच सांगितलं. झटक्यानंतर एकच बोलणं धरून बसल्या. ह्यांना म्हणायच्या, "माळावर मातीच्या चार भिंती घाल. मला तिथं ने. सिमिटाला पाठ लावून मी जीव सोडणार नाय."

"आई, तिथं पाणी नाय, लाइट नाय, रस्ता नाय."

"लाइट कसा नाय? डोक्यावरनं चाललाय की. मोठ्या घरचा पाव्हणा तो, आपल्या दारात थांबत नाय एवढंच."

तर असं ते घर बांधायचं ठरलं. आम्हाला छप्पर हवं होतं, त्यांना मरायला जागा हवी होती. होळी झाली की लागायचं आणि पाऊस यायच्या आत छप्पर चढवायचं.

मातीच्या भिंतीचं काम ज्यांनी केलं नाही त्यांना वाटतं माती काय, खणली आणि लावली. माळाच्या मुरमाला चिकटाई नाही, मुठीत धरला की सांडतो. चांगली चिकण माती भातशेतातली, पण ती कोण देणार? जमिनी आधीच गेल्या होत्या, उरलेल्या शेतातली टोपलीभर माती काढायला कुणी तयार नव्हतं, आणि मागायला आम्हालाही तोंड नव्हतं. शेवटी खाडीच्या बाजूला एकाचं खाजण, भरती अडवायला बांध घालून केलेलं शेत, पडून होतं. बांध फुटून भरतीचं पाणी शिरलं, तेव्हापासून त्यानं ते सोडलं होतं. पुढं बांध घातला, पण शेती काही केली नाही. पाचसहा पावसाळे त्यावरून गेले होते. तो म्हणाला, "न्या लागेल तेवढी." दिरांनी बैलगाडी दिली. पहिली गाडी जांभळीखाली रिकामी झाली. अशी माती, सांगते, काळी, मऊ, लोण्यासारखी. मुठीत दाबली की बोटांचे ठसे जसेच्या तसे.

सासूबाईंना ह्यांनी पाठीवर घालून माळावर आणलं होतं. जांभळीच्या बुंध्याला टेकवून बसवलं. त्यांनी डाव्या हातानं मातीचं ढेकूळ उचललं, चुरलं, वास घेतला.

"खाजणाची हाय," म्हणाल्या. "बरी दिसते. पण चाखल्याशिवाय पाय लावायचा नाय. मिठाळ माती भिंतीला घातली तर घर आतून रडतं."

त्यांच्याकडे ही रीतच होती. ज्या बाईची चूल घरात मांडायची, तिनं आधी माती जिभेवर ठेवायची. तिनं गोड म्हटलं की पुरुषांनी पहिला पाय घालायचा. जुन्या घराची माती त्यांनी चाखली होती, त्याआधी त्यांच्या सासूनं. मान होता तो. म्हणूनच मला वाटतं जाऊबाई त्या दिवशी माळावर आल्या नाहीत. त्यांच्या घराला माती लागलीच नव्हती.

सासूबाईंनी सवयीनं चिमूटभर माती तोंडात टाकली. थोडा वेळ चघळली. मग थुंकली आणि हसल्या, वाकड्या तोंडानं. "मला काय कळतंय आता? मेलेली जीभ ही. तू बघ."

"मी बघू का?" हे म्हणाले. अर्धं थट्टेत म्हणाले, पण माझ्याकडे बघत म्हणाले.

"चूल तुझी का तिची?" सासूबाई खेकसल्या. "तू बाजूला हो."

मी पदर खोचला, उकिडवी बसले, चिमूट जिभेवर ठेवली. आठ वर्षं त्या घरात 'समुद्रवाली' म्हणून काढली होती आणि आज हा मान मला. माती गार लागली. थोडी चिकट. मीठ? मी खरंच शोधलं हो. खोटं सांगत नाही. जीभ टाळ्याला लावून, डोळे मिटून शोधलं. मला आमच्या वाडीतल्या विहिरीच्या काठासारखी चव लागली, लहानपणी पाणी शेंदताना दोराला लागायची तशी. मला ती गोड वाटली.

"गोड हाय," मी म्हटलं.

ह्यांनी चपला काढल्या आणि पहिला पाय घातला.

पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते, हे कबूल करायला हवं. खड्ड्यात माती भिजत घालायची, वरून भाताचं तूस आणि कापलेला पेंढा, आणि मग तुडवायची. तुडवायला डोंगराकडचं एक जोडपं बोलावलं होतं. वीटभट्टीवरून परत आलेले, पाऊस लागेपर्यंत हाताला काम हवं होतं. तो माणूस मोठा गमत्या. पहिल्याच दिवशी म्हणाला, "एवढी माती कशाला खाता तुमी लोक? आमी कारवीच्या काठ्यांचा कूड बांधतो, वर मातीचा हात फिरवला का झालं घर. पडलं तर दुपारी परत उभं."

"आमचं पडणार नाय," सासूबाई जांभळीखालून ओरडल्या.

"मग बरं हाय, म्हातारे. तू पण पडू नको."

तुडवलेल्या मातीचे गोळे हातोहात द्यायचे, दीड हात रुंदीच्या भिंतीवर आपटायचे, कोयत्यानं कडा सारख्या करायच्या. एक थर झाला की चार दिवस वाळू द्यायचा. घाई केली की भिंत बसते. सासूबाई काठीनं खुणावत, "तिथं पोट आलंय, छाट. तिथं कमी हाय." पुढच्या भिंतीत माझ्या मुलीनं चोरून हाताचा ठसा उमटवला, तो त्यांनी पुसू दिला नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तो डोंगराकडचा माणूस खड्ड्यातून बाहेर आला आणि पाय धुऊन बसला. त्याच्या टाचांना भेगा होत्या, बोट जाईल एवढ्या. म्हणाला, "बाय, ही माती चावते. पाय चुणचुणतात."

"तूस टोचतं," मी म्हटलं. "मलाही टोचतं."

मला काहीही टोचत नव्हतं. मी त्याच्या समाधानासाठी बोलले. त्यानं पायाला तेल लावलं आणि परत खड्ड्यात उतरला. त्याचे पाय सांगत होते आणि माझी जीभ सांगत नव्हती, आणि मी जिभेचं ऐकलं. आजही तो माणूस माझ्या डोळ्यांपुढं पाय धूत बसतो.

ताडाचे वासे, दिरांनी जुन्या घराची राखून ठेवलेली कौलं, शेणानं सारवलेली जमीन. पहिल्या सरीच्या आठ दिवस आधी आम्ही आत राहायला गेलो. सासूबाईंची बाज मागच्या भिंतीला लागून टाकली. त्यांनी पाठ भिंतीला लावली आणि "हां," एवढंच म्हणाल्या. तसं "हां" मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

पहिला पावसाळा निभावला. भिंती ओलसर वाटायच्या, पण नवं घर, पाऊस, चालायचंच. पाणी मी माळाखालच्या विहिरीवरून आणायची, दिवसाला सहा-सात खेपा. अंधार पडला की रॉकेलची चिमणी. हे बोईसरला एका गोदामात हमालीला लागले होते. आम्ही सुखात होतो म्हटलं तरी चालेल.

दिवाळी झाली, हवा कोरडी पडली, आणि एका सकाळी केर काढताना मला भिंतीच्या पायाशी पांढरं दिसलं. पीठ सांडल्यासारखं. मी झाडलं. दोन दिवसांनी परत. हात लावला तर भिंतीतून कापसासारखं मऊ बाहेर आलेलं, आणि त्याच्यामागची माती भुसभुशीत, बोटानं ढकलली की आत जाणारी. असं मी कुठंतरी बघितलं होतं. कुठं ते आठवायला वेळ लागला नाही. वाडीतल्या विहिरीच्या कठड्याला उन्हाळ्यात असंच यायचं, आणि माझी आजी ते केरसुणीनं झाडायची. लोणा.

मी बोटावर घेतलं आणि चाटलं. त्यावेळीही, बघा, मला नुसतं थोडं चरचरीत लागलं. हे कामावर निघत होते, त्यांना मी थांबवलं. बोट पुढं केलं. "हे कसं लागतंय बघा."

त्यांनी जीभ लावली आणि लगेच थुंकले. मग माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मीठ हाय," म्हणाले.

दोघांनीही मागं वळून बाजेकडे बघितलं. सासूबाई झोपल्या होत्या, तोंड भिंतीकडे.

"आईला बोलू नको," एवढं म्हणून ते चपला घालून गेले.

त्यानंतरचे सात-आठ महिने मी भिंत झाकण्यात घालवले. वारुळाची माती आणून लिंपलं. शेण आणि राखेनं सारवलं. एकानं सांगितलं म्हणून चुना फासला. जे लावावं ते पंधरा दिवसांत पोपड्यासारखं सुटून खाली पडायचं. आत मीठ होतं ते बाहेर येणारच होतं, वरून किती लिंपणार? सासूबाईंना मी सांगायची, "उंदीर उकरतात." त्या म्हणायच्या, "एवढे उंदीर? खातात काय इथं, आपल्याला नाय मिळत ते?" आणि हसायच्या. डावा हात भिंतीवरून फिरवत राहायच्या. त्यांच्या नखांत पांढरं अडकायचं, आणि मी न्हाणीत नेऊन त्यांचे हात धुवायची. पुन्हा पुन्हा धुवायची. कधी कधी वाटतं, त्यांना कळलं होतं. कधी वाटतं, नाही. मला ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात घर रडायला लागलं. पाऊस उघडला तरी भिंती घामेजलेल्या. धान्याला बुरशी, अंथरूण ओलं, मुलीला खोकला. श्रावणात मागच्या भिंतीनं पोट सोडलं. मधोमध फुगवटा, दिसामाशी वाढणारा, पोटुशी बाई दिसते तशी ती भिंत दिसायला लागली. ह्यांनी बाहेरून दोन वासे टेकू दिले. वासे मातीत रुतले.

दीर बघायला आले. बाहेरून एक फेरी मारली, आत आले, छपराकडे बघितलं आणि ह्यांना म्हणाले, "आईला आज घेऊन चल. बाकीचं नंतर बोलू."

"मी नाय येणार," सासूबाई म्हणाल्या. "पडू दे माझ्यावर."

"पोर झोपते ग इथं, आई," दीर म्हणाले.

त्यावर त्यांनी भिंतीवरचा हात काढून घेतला. त्यांना बाजेसकट उचललं, वर प्लास्टिक धरलं, आणि चिखलातून घसरत माळ उतरलो. सबंध वाटभर त्यांनी घराकडे बघितलं. बाज तशी धरली होती, डोकं पुढं, पाय घराकडे, त्यामुळे त्यांना दुसरं काही बघताही येत नव्हतं. मला तेव्हा सुचलं नाही, नाहीतर फिरवायला सांगितलं असतं.

स्लॅबच्या घरात त्या दीड-दोन महिने होत्या. जाऊबाईंनी सगळं केलं त्यांचं, मी खोटं बोलणार नाही. खाली गोधड्या घातल्या, पाठीमागं उशी दिली, सिमेंट लागू नये म्हणून. उशी सरकायची. एका दुपारी जाऊबाई कपडे वाळत घालायला गेल्या होत्या, मी पेजेची वाटी घेऊन बसले होते. सासूबाईंनी पेजेचा चमचा हातानं बाजूला केला आणि विचारलं,

"माती गोडी होती ना ग?"

मी वाटीत बघितलं. म्हटलं, "होय आई. गोडीच होती."

"मग माझंच काय चुकलं," म्हणाल्या. "थर लवकर चढवले आसंल. मीच घाई केली."

मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. पण बाहेर जाऊबाईंची बादली वाजली, आणि मी चमचा परत त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी तो घेतला. चार दिवसांनी पहाटे त्या गेल्या. पाठ भिंतीला होती. सिमेंटच्या. आपण घाई केली म्हणून घर गेलं, हे मनात घेऊन गेल्या.

मागची भिंत नवरात्रात पडली. आम्ही तोवर खाली आलो होतो. ह्यांनी कौलं उतरवली, वासे ओढले, आणि उरलेलं तसंच सोडलं. पुढच्या भिंतीवरचा मुलीच्या हाताचा ठसा आणखी एक पावसाळा होता म्हणतात. मी बघायला गेले नाही. आम्ही बोईसरला चाळीत खोली घेतली, तिथंच उरलेली वर्षं गेली. हे शेवटपर्यंत त्या मातीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. फक्त एक झालं. आमच्या घरात मिठाची बरणी ते ताटाजवळ घेऊन बसायचे, आणि मी सगळं अळणी करायची. कुणी ठरवलं नव्हतं. तसंच होत गेलं.

हे गेले त्यानंतरच्या वर्षी मुलगी म्हणाली, माळ बघून येऊ. तिचं लग्न झालं होतं, कडेवर मूल होतं. पावसाळा नुकताच सरला होता. माळभर गुडघ्याइतकं गवत, जांभूळ मोठी झालेली, वर तारा तशाच गुणगुणत. आणि मधोमध आमचं घर होतं तेवढ्या जागेत एक काडी उगवली नव्हती. दोन खोल्या, पडवी, मागची भिंत बाहेरच्या अंगाला पडली होती तिथं रुंद झालेला पट्टा, सगळं नकाशा काढल्यासारखं, बोडकं. एवढे पावसाळे गेले होते त्यावरून.

मुलगी वाकली आणि तिनं चिमूट उचलून जिभेवर ठेवली. तिला कुणी शिकवलं, मला माहीत नाही. मी तर कधीच सांगितलं नव्हतं.

लगेच तोंड पुसलं तिनं पदराला. "शी! खारी हाय ग, आई. अजून."

"बघू," मी म्हटलं. मीही चिमूट घेतली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटून उभी राहिले. मुलगी वाट बघत होती. मला काहीच लागलं नाही.